मॉर्मन मंडनपरंपरा

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उदयास आलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या सत्यतेवर घेतल्या गेलेल्या आक्षेपांना पंथाच्या अनुयायांनी दिलेली उत्तरे, ती देण्याच्या पद्धती आणि त्यासाठी उभ्या राहिलेल्या संस्था यांना मिळून ही संज्ञा लावता येते. ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे पंथाचे अधिकृत नाव असून २०१८ पासून चर्चच्या नेतृत्वाने ‘मॉर्मन’ हे टोपणनाव टाळण्याचा आग्रह धरला आहे. अभ्यासाच्या लिखाणात मात्र जुने नाव अजून रूढ आहे व येथेही तेच वापरले आहे. पंथाचा इतिहास, उपासना व आचार यांचा विचार या नोंदीत केलेला नाही.

बहुतेक प्राचीन धर्मांच्या मूळ घटना काळाच्या धुक्यात आहेत. मॉर्मन पंथाचे तसे नाही. संस्थापक जोसेफ स्मिथ (१८०५–४४) याची पत्रे, रोजनिश्या, न्यायालयीन कागद, शेजाऱ्यांच्या साक्षी आणि वर्तमानपत्रांतील बातम्या उपलब्ध आहेत. पंथाचा दावाही भौतिक वस्तूंशी जोडलेला आहे: न्यूयॉर्क राज्यातील एका टेकडीत मिळालेले सोनेरी धातूचे पत्रे आणि पुढे विकत घेतलेले इजिप्शियन पपायरस. त्यामुळे येथील पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष दोघेही दस्तऐवज, लिपी, मोजमापे व तारखा यांवर भांडतात. निव्वळ श्रद्धेच्या पातळीवर हा वाद फार काळ राहिलेला नाही.

सोनेरी पत्र्यांचे भाषांतर म्हणून स्मिथने पुढे केलेले व प्राचीन काळी यरुशलेमहून अमेरिकेत गेलेल्या लोकांची कथा सांगणारे ‘बुक ऑफ मॉर्मन’ मार्च १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पामायरा येथे छापले गेले व ६ एप्रिल १८३० रोजी चर्चची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी धर्मोपदेशक अलेक्झांडर कॅम्बेल याने सविस्तर खंडन प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कमध्ये गेल्या दहा वर्षांत गाजलेले जवळजवळ सगळे धर्मविषयक वाद या ‘प्राचीन’ ग्रंथात निकाली काढलेले दिसतात, हे त्याचे निरीक्षण आजही टीकाकार उद्धृत करतात. १८३४ मध्ये ओहायोतील संपादक एबर डी. हाउ याने स्मिथच्या शेजाऱ्यांची शपथपत्रे छापली आणि ग्रंथ मुळात सॉलोमन स्पॉल्डिंग याच्या अप्रकाशित कादंबरीवरून रचला असल्याचे मत पुढे केले. स्पॉल्डिंगचे एक हस्तलिखित १८८४ मध्ये होनोलुलूत सापडले. त्याचे ‘बुक ऑफ मॉर्मन’शी साम्य वरवरचेच निघाल्याने हा आक्षेप बराच ढिला पडला. मंडनकारांच्या पदरात पडलेले हे पहिले ठळक यश होय. दुसरेही हस्तलिखित असावे, असे मानणारे काही जण अजून आहेत. बहुसंख्य इतिहासकार ते मानत नाहीत. मंडनपर पुस्तिकांचा आरंभ सामान्यतः पार्ली पी. प्रॅट याच्या १८३८ मधील उत्तरापासून धरला जातो.

‘अब्राहामाच्या पुस्तका’चा वाद. मंडनाची सर्वांत कठीण कसोटी येथे लागली, कारण भाषांतर व मूळ ही दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील अशी शक्यता केवळ याच ग्रंथाबाबत निर्माण झाली. १८३५ च्या जुलैत मायकेल चँडलर नावाचा गृहस्थ चार ममी व काही पपायरस घेऊन ओहायोतील कर्टलंड येथे आला. या वस्तू इजिप्तमधील थीब्ज येथे उत्खनन करणाऱ्या अंतोनियो लेबोलो याच्या संग्रहातील होत्या. त्या २,४०० डॉलरना घेण्यात आल्या. एका गुंडाळीत अब्राहामाचे व दुसरीत योसेफाचे लेखन आहे, असे स्मिथने सांगितले. फ्रेंच विद्वान शांपोल्याँचा प्राचीन इजिप्तच्या हायरोग्लिफिक लिपीचा उलगडा १८२२ चा असला तरी अमेरिकेत ती लिपी वाचू शकणारा त्या वेळी कोणी नव्हता. ‘अब्राहामाचे पुस्तक’ म्हणून पाच अध्याय व तीन चित्रप्रती (पपायरसवरील चित्रांच्या छापील प्रती) असलेला मजकूर १८४२ मध्ये नॉव्हू येथील पंथाच्या नियतकालिकात आला आणि १८८० मध्ये त्याला धर्मग्रंथाचा दर्जा मिळाला. हा मजकूर अब्राहामाने ‘स्वहस्ते पपायरसवर’ लिहिला, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते.

चित्रप्रतींच्या स्पष्टीकरणांवर पहिला शास्त्रीय आक्षेप लूव्र संग्रहालयातील थिओड्युल देव्हेरिया याने १८५० नंतरच्या दशकभरात नोंदवला. १९१२ मध्ये यूटाचे एपिस्कोपल बिशप फ्रँकलिन स्पॉल्डिंग यांनी इजिप्तविद्येच्या आठ जाणकारांची मते मागवून छापली. ती सर्व प्रतिकूल होती. मूळ पपायरस पाहिल्याशिवाय हा निकाल घाईचा ठरतो, असे उत्तर तेव्हा देण्यात आले आणि तोवर ते अगदीच गैरवाजवी नव्हते. १८५६ मध्ये स्मिथच्या आईच्या मृत्यूनंतर संग्रह विकला गेला होता आणि त्याचा काही भाग शिकागोच्या एका संग्रहालयात पोचून १८७१ च्या आगीत जळाला होता. सर्वच जळाले, अशी समजूत रूढ झाली.

ती १९६६ मध्ये मोडली. यूटा विद्यापीठातील प्राध्यापक अझीझ अतिया यांना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात काही तुकडे दिसले. त्यांतील एकावर पहिल्या चित्रप्रतीचे मूळ चित्र होते. २७ नोव्हेंबर १९६७ रोजी संग्रहालयाने अकरा तुकडे चर्चच्या हवाली केले. पुढच्या वर्षी इजिप्ततज्ज्ञ जॉन विल्सन, रिचर्ड पार्कर व क्लाउस बेअर यांची वाचने प्रसिद्ध झाली. पहिल्या चित्राला लागून असलेला मजकूर होर नावाच्या पुरोहितासाठी लिहिलेला ‘श्वासग्रंथ’ ठरला. मृताला परलोकात श्वास व गती मिळावी म्हणून हा ग्रंथ त्याच्याबरोबर पुरत असत. इतर तुकडे प्रामुख्याने ‘मृतांच्या ग्रंथा’चे होते.

कालनिश्चितीबाबत मते सरकत गेली आहेत. आरंभी अक्षरवळणावरून होरची गुंडाळी इ. स. पू. पहिल्या शतकाच्या किंवा त्यानंतरच्या काळात घातली जाई. पुढे होरच्या घराण्याची थीब्जमधील इतर नोंदींशी सांगड घातली गेली, तेव्हा इ. स. पू. दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध किंवा त्याच्याही थोडा आधीचा काळ अधिक ग्राह्य मानला जाऊ लागला. वादाच्या दृष्टीने हा फरक गौण आहे. परंपरेने अब्राहामाचा मानला जाणारा काळ यापेक्षा दीड हजारांहून अधिक वर्षे मागे जातो.

१९६७ नंतरच्या उत्तरांचे दोन मुख्य प्रवाह आहेत. पहिला ‘हरवलेल्या गुंडाळी’चा. उपलब्ध तुकडे हा अब्राहामाच्या मजकुराचा स्रोतच नव्हे. तो मजकूर होरच्या गुंडाळीच्या पुढील, आता नष्ट झालेल्या भागात होता, असे मॉर्मन विद्वान ह्यू निब्ली (१९१०–२००५) व नंतर जॉन गी यांनी मांडले. पपायरस पाहून गेलेल्या एकोणिसाव्या शतकातील पाहुण्यांच्या आठवणींत ‘लांब गुंडाळी’चा उल्लेख येतो, हा त्यांचा आधार. मग प्रश्न उरला तो लांबीचा. गुंडाळलेल्या पपायरसला एका ठिकाणी इजा झाली की तीच इजा प्रत्येक वेढ्यावर उमटते. आत जाताना वेढ्याचा घेर घटत जातो आणि इजांमधील अंतरही तसेच घटते. ही घट मोजली की आत किती वेढे शिल्लक होते, याचे गणित मांडता येते. मात्र एका वेढ्यामागे घट मिलिमीटरच्या हिशेबात असल्याने मोजणीतील बारीकशी चूक उत्तरात प्रचंड होऊन बसते. गी यांच्या गणिताने हरवलेला भाग १२ मीटरांहून लांब निघतो. अँड्र्यू कुक व ख्रिस्तोफर स्मिथ यांनी २०१० मध्ये इजांच्या कडा एकमेकींशी जुळवून मोजणी केली, तेव्हा तो ६० सेंटिमीटरांहूनही कमी निघाला. श्वासग्रंथाच्या इतर ज्ञात प्रतींवरून होरच्या उरलेल्या मजकुराला जेवढी जागा लागावी, तिच्याशी हा दुसरा आकडा बऱ्यापैकी जुळतो. म्हणून तो अधिक विश्वसनीय वाटतो.

हरवलेल्या गुंडाळीच्या मार्गात आणखी एक अडचण आहे. स्मिथच्या लेखनिकांच्या हस्तलिखितांत अब्राहामाच्या मजकुराशेजारी समासात इजिप्शियन चिन्हे काढलेली आहेत आणि ती उपलब्ध तुकड्यावरील श्वासग्रंथाच्या ओळींतून घेतलेली आहेत. ती चिन्हे लेखनिकांनी नंतर, स्वतःच्या अभ्यासासाठी जोडली असावीत, असे मंडनकार म्हणतात. २०१८ मध्ये जोसेफ स्मिथ दस्तऐवज प्रकल्पाने ही हस्तलिखिते छायाचित्रांसह प्रसिद्ध केली. हा प्रकल्प चर्चच्याच इतिहास विभागाचा आहे, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. आपल्याला अडचणीचा ठरू शकणारा पुरावा एखाद्या धर्मसंस्थेने इतक्या नीटसपणे संपादून सर्वांपुढे ठेवावा, ही आदराने पाहण्याजोगी गोष्ट आहे.

दुसरा प्रवाह ‘निमित्त’वादी. पपायरस हे साक्षात्काराचे केवळ निमित्त होते. ‘भाषांतर’ हा शब्द स्मिथने आजच्या अर्थाने वापरलाच नव्हता, असे तो सांगतो. जुलै २०१४ मध्ये चर्चने आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केलेल्या निबंधात उपलब्ध तुकड्यांवर अब्राहामाचे नाव किंवा त्या पुस्तकातील घटना नाहीत आणि तुकड्यांवरील चिन्हे भाषांतराशी जुळत नाहीत, याबाबत मॉर्मन व बिगर-मॉर्मन इजिप्ततज्ज्ञांचे एकमत असल्याचे मान्य केले आहे. पुढे दोन्ही प्रवाहांना जागा ठेवली आहे. निमित्तवाद टीकेच्या माऱ्याबाहेर जातो खरा, पण तिसऱ्या चित्रप्रतीचे काय, हा प्रश्न मागे राहतो. ‘फारो राजा, ज्याचे नाव डोक्यावरील चिन्हांत दिले आहे’ असे स्मिथने जिच्याबद्दल लिहिले, त्या आकृतीच्या डोक्यावर इसिस देवीचे नाव आहे. चिन्हे वाचण्याचाच दावा असल्याने येथे निमित्ताचा आधार घेणे अवघड जाते.

मंडनकारांच्या बाजूने जमेस धरण्यासारख्या गोष्टीही आहेत. अब्राहामाचा पिता मूर्तिपूजक होता व मूर्तींना नाकारल्याने अब्राहामाचे प्राण संकटात आले, ही कथा बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात नाही, परंतु प्राचीन यहुदी परंपरेत ती विपुल आहे. लायडन येथील इजिप्शियन मंत्रपपायरसमध्ये सिंहाच्या आकाराच्या शय्येच्या चित्राखालील मंत्रात अब्राहामाचे नाव येते. अब्राहामाच्या पुस्तकातील ‘ओलिशेम’ या स्थलनामाची तुलना मेसोपोटेमियातील अक्कडचा राजा नाराम-सिन याच्या शिलालेखातील ‘उलिसुम’शी केली जाते. यांतील पहिले साम्य सर्वांत वजनदार. मात्र पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस याचे इतिहासलेखन १८३० पूर्वी अमेरिकेतील घरोघरी वाचले जात होते, हेही विसरता येत नाही. उरलेल्या दोहोंपैकी मंत्रपपायरस बराच उत्तरकालीन आहे आणि स्थलनामाची ओळख अनिश्चित आहे.

‘बुक ऑफ मॉर्मन’चे मंडन. येथे मूळ धातूचे पत्रे उपलब्ध नसल्याने वाद आशयावर फिरतो. कोलंबसपूर्व अमेरिकेत घोडे, पोलाद, गहू व रथ यांचे उल्लेख, हे कालविपर्यास हा मुख्य आक्षेप. नवख्या प्राण्यांना जुनी नावे चिकटतात, असे उत्तर दिले जाते. ॲझ्टेक लोकांनी स्पॅनिश घोड्यांना हरणाचा शब्द लावला होता, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पंथाचे एक ज्येष्ठ नेते बी. एच. रॉबर्ट्स (१८५७–१९३३) यांनी १९२०–२२ च्या सुमारास हे आक्षेप व अमेरिकेचे मूळ रहिवासी इस्राएलवंशी असल्याचे मांडणाऱ्या ईथन स्मिथ याच्या १८२३ मधील पुस्तकाशी असलेली साम्ये मनापासून तपासली आणि समाधानकारक उत्तरे नाहीत, असे सहकाऱ्यांपुढे मांडले. ते टिपण १९८५ पर्यंत अप्रकाशित होते. रॉबर्ट्स यांची श्रद्धा त्यानंतर डळमळली की नाही, याबद्दल वाद आहे. त्यांची अखेरची जाहीर भाषणे श्रद्धावंताचीच आहेत आणि ती खोटी मानण्यास कारण दिसत नाही. प्रश्न लपवण्याऐवजी तो आपल्याच माणसांपुढे मांडण्याचे त्यांचे धैर्य या परंपरेत पुन्हा क्वचितच दिसते.

१९६७ मध्ये जर्मनीत प्रचारकार्यावर असताना जॉन वेल्च यांना ग्रंथात हिब्रू काव्यातल्यासारखी व्युत्क्रमरचना (आधीचे विचार उलट क्रमाने पुन्हा येणे) आढळली. १९८५ मध्ये जॉन सोरेन्सन यांनी ग्रंथातील भूगोल मेसोअमेरिकेच्या (मेक्सिको व मध्य अमेरिकेचा प्रदेश) काहीशे मैलांच्या पट्ट्यात बसवला. डीएनए-अभ्यासातून अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे पूर्वज आशियातून आल्याचे दिसू लागल्यावर या मर्यादित भूगोलाचा आधार वाढला आणि ग्रंथातील लोकांना या रहिवाशांचे पूर्वज म्हणणारे प्रस्तावनेतील ‘प्रमुख पूर्वज’ हे शब्द २००७ पर्यंत ‘पूर्वजांपैकी’ असे बदलले गेले. येमेनमधील मारिब येथील वेदींवर ‘न-ह-म’ ही अक्षरे आढळणे व ग्रंथातील लोकांच्या अरबस्तानातील प्रवासात ‘नाहोम’ हे स्थान येणे, हा मंडनकारांचा बहुधा सर्वांत भक्कम पुरावा आहे. संगणकीय शैलीमापनातून (शब्दवापरावरून लेखक ओळखण्याच्या पद्धतीतून) मात्र परस्परविरोधी निष्कर्ष निघाले आहेत.

वेल्च यांनी १९७९ मध्ये ‘फार्म्स’ ही संशोधन संस्था काढली. ती पुढे ब्रिगहॅम यंग विद्यापीठात विलीन झाली. २०१२ मध्ये तेथील समीक्षा-नियतकालिकाच्या संपादकपदावरून डॅनिएल पीटर्सन यांना दूर केल्यावर त्यांनी सहकाऱ्यांसह ‘इंटरप्रिटर फाउंडेशन’ स्थापन केले. ‘फेअर’ ही स्वयंसेवकांची संस्था १९९७ पासून आहे. तीव्र खंडनमंडन की तटस्थ विद्याभ्यास, हा २०१२ च्या फुटीमागचा मतभेद होता.

भारत. १८५० च्या दशकात पंथाचे प्रचारक भारतात आले. ह्यू फिंडले याने १८५२ मध्ये मुंबई व पुणे येथे काम सुरू केले. श्रोते मुख्यतः छावणीतील इंग्रज सैनिक होते. मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू पंडित मोरभट दांडेकर यांच्या वादांनी मुंबईला धर्मविषयक पुस्तिकायुद्धाची सवय आधीच लागली होती. पंथावरील टीकेला फिंडलेनेही पुस्तिकांतूनच उत्तर दिले. त्याची एक पुस्तिका ‘हिंदुस्थानातील मराठ्यां’ना उद्देशून होती. मद्रासमध्ये रिचर्ड बॅलंटाइन याने १८५३ मध्ये रेव्हरंड रिचर्ड्स यांच्या पुस्तिकेला छापील उत्तर दिले व काही काळ मासिकही चालवले. १८५६ च्या सुमारास ही मोहीम संपली.