ऑनलाइन छंद-समूहातले नवखे आणि जुनेजाणते

एखाद्या छंदापायी ऑनलाइन जमलेल्या लोकांमध्ये दोन टोकं कायम दिसतात, कालपरवा आलेले आणि वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसलेले. समूहात कसं बोलायचं, कशावर हसायचं, कशाला भारी म्हणायचं आणि कशाला नावं ठेवायची हे सगळं या दोघांच्या ओढाताणीतून ठरत जातं. छंद आकाशदर्शनाचा असो, विणकामाचा असो, बुद्धिबळाचा असो की हौशी रेडिओचा, तऱ्हा साधारण तीच. सर्वसाधारण समज असा की नवखे बिघडवतात आणि जुने सांभाळतात (हा समज पसरवला कोणी, तर जुन्यांनीच), पण जे थोडेफार अभ्यास झालेत ते बघितले तर चित्र बरंच वेगळं आहे. भाषा आणि रीती पुढे सरकतात त्या बहुतेक नव्या माणसांमुळे, जुने एका टप्प्यावर थांबतात, आणि समूह तगणार की विस्कटणार हे नवे किती आले यापेक्षा त्यांना शिकवायला कोणाकडे किती वेळ आणि उत्साह शिल्लक आहे यावर जास्त ठरतं.

न संपलेला सप्टेंबर

या विषयावर बोलताना यूझनेटचं नाव हटकून येतंच. १९७९ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांच्या डोक्यातून निघालेली आणि १९८० मध्ये सुरू झालेली ही चर्चेची व्यवस्था, त्यात छंदांचे शेकडो गट होते. दरवर्षी सप्टेंबरात कॉलेजची नवी बॅच यायची, त्यांना पहिल्यांदाच नेट मिळालेलं असायचं, आल्या आल्या धुमाकूळ घालायचे, चुकीच्या गटात प्रश्न टाकायचे, जुने त्यांना झापायचे आणि महिन्याभरात सगळं जागेवर यायचं, म्हणजे नवे एकतर शिकायचे नाहीतर कंटाळून निघून जायचे. मग १९९३ च्या अखेरीपासून १९९४ च्या सुरुवातीपर्यंत एओएलसारख्या घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या गिऱ्हाइकांना यूझनेटचं दार उघडून दिलं आणि नव्यांचा लोंढा थांबेचना, म्हणून १९९३ चा सप्टेंबर कधी संपलाच नाही असं म्हणायची पद्धत पडली, आणि 'इटर्नल सप्टेंबर' हे नाव कायमचं चिकटलं.

यातली मेख अशी की आधीच्या वर्षांतही नवे चिकार यायचे आणि अडाणीच असायचे, फक्त वर्षातून एकदा यायचे आणि मधले अकरा महिने त्यांना मुरायला मिळायचे. लोक तेच, वेग बदलला. ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ नावाचा नेटवरच्या शिष्टाचारांचा जो दस्तऐवज निघाला त्यात सरळ सल्ला आहे की कुठल्याही गटात काही लिहायच्या आधी एक-दोन महिने नुसतं वाचत बसा. आज हा सल्ला कोणी पाळत नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही किती जण पाळत होते ही शंकाच आहे, पण शिकायला वेळ लागतो हे तेव्हाच्या लोकांना नीट कळलेलं होतं एवढं त्यातून दिसतं.

आम्ही पण हे सोसलंय

ऑनलाइन जगाच्या आधीही हे होतंच. हौशी रेडिओवाल्यांमध्ये (बिनतारी यंत्रावरून एकमेकांशी बोलणारे ते) नव्याला हाताला धरून शिकवणाऱ्या जुन्या माणसाला 'एल्मर' म्हणतात, आणि हा शब्द १९७० च्या दशकापासून चालत आलाय. त्याच छंदात मोर्स कोडचं, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक भाषेचं, भांडण जुंपलं. लहरी दूर जाणाऱ्या पट्ट्यांवर बोलायचं लायसन्स हवं तर मोर्स यायलाच पाहिजे अशी आंतरराष्ट्रीय अट होती, ती २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत काढली, आणि अमेरिकेने फेब्रुवारी २००७ मध्ये परीक्षेतून मोर्स पूर्णच वगळलं. त्यावरून जी काय वादावादी झाली ती बघण्यासारखी होती. ज्यांनी रात्र रात्र टकटक ऐकून परीक्षा दिलेली त्यांना वाटलं आयत्या बिळावर नागोबा आले, आणि नव्यांना वाटलं की संदेश पाठवायचे इतके मार्ग असताना ही अट कोणासाठी ठेवायची. गंमत म्हणजे अट गेल्यावर मोर्स काही मेलं नाही, हौस म्हणून शिकणारे आजही आहेत, आणि कमी पॉवरवर लांब पोचायचं तर ते अजूनही उपयोगी पडतं.

म्हणजे प्रवेशाची अट दोन कामं एकदम करते, कौशल्य तपासते आणि 'आम्ही सोसलं तर तुम्ही पण सोसा' हा हिशोबही चुकता करते. जुन्यांच्या तोंडी कायम पहिलंच कारण असतं, दुसरं पोटात.

भाषा कोण बदलतं

२०१३ मध्ये क्रिस्तियान दानेस्कू-निकुलेस्कू-मिझिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिअरची परीक्षणं लिहिणाऱ्या दोन मोठ्या ऑनलाइन समूहांमधली अनेक वर्षांची भाषा तपासली. हौशी लोक, एकेक बिअर चाखून रंग, वास, चव असं ठरलेल्या क्रमाने लिहिणारे. वासासाठी आधी 'अरोमा' चालायचं, मग हळूहळू 'स्मेल' आणि त्याचं नुसतं आद्याक्षर रूढ झालं. ही असली बारीकसारीक वळणं पकडून त्यांनी दाखवलं की माणूस नवा असताना समूहाची भाषा झपाट्याने उचलतो, नवे प्रकारही तोच पटकन आपलेसे करतो, आणि एका टप्प्यानंतर त्याचं बदलणं थांबतं. समूह पुढे जात राहतो, हा जिथे होता तिथेच. अरोमावाले अरोमाच लिहीत बसले. शिवाय सुरुवातीच्या लिखाणावरूनच कोण किती दिवस टिकेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो हेही त्यातून निघालं.

'पूर्वीसारखं राहिलं नाही' या तक्रारीकडे मग वेगळ्या नजरेने बघता येतं. पूर्वीसारखं म्हणजे कधीसारखं? ज्याने त्याने विचारून बघा, उत्तर बहुतेक वेळा तो स्वतः आला त्या वर्षाच्या आसपासचं निघेल. २००५ ला आलेल्याचा सुवर्णकाळ २००६, २०१५ ला आलेल्याचा २०१६, आणि २००५ वाल्याच्या मते २०१६ म्हणजे उतरती कळा कधीचीच लागलेली.

तोच प्रश्न, शंभराव्यांदा

आकाशदर्शनाच्या समूहात दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, 'खोक्यावर ५२५ पट मोठं दिसतं असं लिहिलंय, ६० मिलिमीटरची दुर्बीण आहे, घेऊ का?' पहिल्या वर्षी जुना माणूस प्रेमाने चार परिच्छेद लिहितो. दुर्बिणीत महत्त्वाचा असतो तो भिंगाचा व्यास, कारण प्रकाश तोच गोळा करतो. ढोबळमानाने व्यास जितके मिलिमीटर त्याच्या दुप्पट एवढंच मोठेपण कामाचं, म्हणजे ६० ला फार तर १२० पट, त्यापुढे नुसता धूसर गोळा दिसणार. स्टँड डगमगणारा असेल तर तेवढंही नाही, त्यापेक्षा आधी १० बाय ५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) साधी द्विनेत्री घ्या आणि आकाश ओळखायला शिका. तिसऱ्या वर्षी तोच माणूस फक्त जुन्या उत्तराची लिंक देतो. पाचव्या वर्षी 'आधी शोधा, मग विचारा'. त्यानंतर एकतर टोमणा, नाहीतर गप्प.

विचारणाऱ्यासाठी मात्र हा प्रश्न पहिलाच असतो आणि त्याच्या वाट्याला आलेला टोमणा म्हणजे त्या समूहाशी त्याची पहिली ओळख. वारंवार येणाऱ्या प्रश्नांच्या याद्या, म्हणजे एफएक्यू, याच कटकटीतून जन्माला आल्या, पण यादी बनवली की नवे ती वाचत नाहीत आणि जुने ती नव्याने लिहीत नाहीत, हे दोन्ही ठरलेलंच. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी बाजारातून गेलेल्या मॉडेलची शिफारस तिथे तशीच पडून राहते.

माझ्या मते या सगळ्यात खरी मदार असते ती मधल्या थरावर, सहा महिने ते दोन-तीन वर्षं झालेल्या लोकांवर. त्यांना आपण कुठे अडखळलो होतो ते आठवत असतं, उत्तर द्यायची खुमखुमीही असते, आणि नुकतंच शिकलेलं दुसऱ्याला सांगताना ते पक्कं होतं. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये शिकण्याबद्दल जी मांडणी केली तीही याच अंगाने जाते. नवा माणूस काठावरची छोटी पण खरी कामं करत करत आत सरकतो, धडे घेऊन नाही. मधला थर पातळ झाला की समूहात फक्त गुरू आणि गोंधळलेले असे दोनच प्रकार उरतात आणि दोघेही एकमेकांवर वैतागतात.

आणखी एक प्रकार आहे ज्याचा विचार कोणीच करत नाही: छंदात तीस वर्षं घालवलेला पण ऑनलाइन काल आलेला माणूस. त्याला स्वतःच्या हाताने आरसा घासून दुर्बीण बनवता येते, पण फोटो चुकीच्या जागी टाकला म्हणून विशीतला मॉडरेटर, म्हणजे समूहावर देखरेख ठेवणारा, त्याला नियम वाचायला पाठवतो.

पूर येऊनही तगलेले

रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर 'नोस्लीप' नावाचा भयकथा लिहिणाऱ्यांचा समूह आहे. तिथला नियम असा की इथे सगळं खरंच घडलंय असं धरून चालायचं, प्रतिक्रिया देणाऱ्यानेही. 'काय फेकतोय' असं लिहिलं की प्रतिक्रिया उडते. २०१४ मध्ये रेडिटने हा समूह सगळ्या नव्या सदस्यांना आपोआप दिसणाऱ्या यादीत टाकला आणि ज्यांना हा नियम माहीतच नाही अशा लोकांची झुंबड उडाली. तरी समूह मोडला नाही. त्यावरच्या २०१६ च्या अभ्यासात याची कारणं दिली आहेत ती अशी की मॉडरेटर भरपूर होते आणि एकमेकांशी बोलून काम करत होते, जुने साधे सदस्यही नियम मोडणाऱ्याला टोकत आणि रिपोर्ट करत होते, आणि आपोआप छाननी करणारी साधनं हाताशी होती. असेच एकदम वाढलेले दहा रेडिट समूह घेऊन २०१७ मध्ये आणखी एक अभ्यास झाला, त्यातही दिसलं ते हेच की सुरुवातीला पसंतीची मतं घसरली पण नंतर सावरली, आणि भाषेची धाटणी फारशी बिघडली नाही. 'मोठा झाला म्हणून सडला' हे गृहीतक त्यामुळे जरा जपूनच वापरावं.

आयनॅचरलिस्टवर हा पूर दरवर्षी तारीख ठरवून येतो. २००८ मध्ये बर्कलीतल्या विद्यार्थ्यांचा मास्टर्सचा प्रोजेक्ट म्हणून सुरू झालेली ही जागा, इथे दिसलेल्या जिवाचा फोटो टाकायचा आणि बाकीचे ओळखायला मदत करतात, ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त जणांचं एकमत झालं (आणि तारीख, जागा वगैरे नीट असेल) तर नोंद 'रिसर्च ग्रेड', म्हणजे अभ्यासाला वापरण्याजोगी, होते. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या चुरशीतून सुरू झालेलं सिटी नेचर चॅलेंज एप्रिलच्या अखेरीस चार दिवस चालतं. तेव्हा कुंडीतली झाडं, प्राणिसंग्रहालयातले प्राणी, पानाचा हललेला फोटो आणि मित्राला 'होमो सेपियन्स' म्हणून टाकलेली नोंद असा सगळा ऐवज येऊन पडतो. ओळखणारे जुने लोक पुढे कितीतरी दिवस तो उपसत बसतात, 'हे लावलेलं आहे का, की आपोआप उगवलेलं?' असं विचारतात आणि बऱ्याचदा उत्तरच येत नाही, कारण विचारलेला माणूस केव्हाच निघून गेलेला असतो. तरीही त्यातूनच कोणीतरी कोळ्यांच्या किंवा शेवाळाच्या नादी लागतो आणि पुढच्या वर्षी तो ओळखणाऱ्यांच्या बाजूला बसलेला असतो.

माणसाऐवजी नियम

दमलेले जुने लोक आपलं काम यंत्राकडे सोपवतात तेव्हा वेगळाच घोळ होतो. इंग्रजी विकिपीडियावर (लिहिणाऱ्यांसाठी तोही छंदच) सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर होती, मग उतरत गेली. २०१३ च्या एका अभ्यासात याचा संबंध नव्यांशी लागला. नासधूस आवरायला बनवलेले बॉट (आपोआप काम करणारे प्रोग्राम) आणि साधनं चांगल्या हेतूने आलेल्या नव्यांचंही लिखाण झटकन उलटवत होती, त्यामुळे ते परत येत नव्हते, आणि दुसरीकडे नियम इतके घट्ट झाले होते की नव्याने सुचवलेला बदल त्यात घुसणं अवघड. गुंड आणि गोंधळलेला पाहुणा यांना एकच दंडुका. २०१२ मध्ये तिथे 'टीहाउस' सुरू केलं, नव्यांनी न घाबरता काहीही विचारावं म्हणून.

गुणांच्या पद्धतीतही असलेच तिढे. स्टॅक एक्सचेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर, जिथे इतरांच्या मतांवरून सदस्याला गुण मिळतात, सायकलपासून बागकामापर्यंत छंदांचे विभाग आहेत, आणि दुसऱ्याच्या मजकुरावर कॉमेंट करायला ५० गुण लागतात, उत्तर लिहायला मात्र सहसा लागत नाहीत. मग नवा माणूस आपली शंका उत्तराच्याच रकान्यात लिहितो आणि 'हे उत्तर नाही' म्हणून ते काढून टाकलं जातं.

जुने चुकतात तेव्हा

जुन्यांकडे नुसती माहिती नसते, आपला छंद म्हणजे नेमकं काय हे ठरवायचा मानही त्यांनी स्वतःकडे घेतलेला असतो. १९९० च्या दशकात बटण दाबल्यावर आपोआप ताऱ्याकडे वळणाऱ्या दुर्बिणी हौशी लोकांच्या हातात आल्या तेव्हा नकाशा बघून शोधत जाणाऱ्यांनी नाकं मुरडली. २०२३ मध्ये सीस्टार एस५० सारखी छोटी यंत्रं आली, यात डोळा लावायची जागाच नाही, कॅमेरा अनेक फोटो एकावर एक रचून फोनवर तेजोमेघ दाखवतो, तर आता नाकं मुरडणाऱ्यांत ती बटणवालीही मंडळी आहेत. दिव्यांच्या झगमगाटात राहणाऱ्याला मात्र यातूनच कधी नाही ते काहीतरी दिसलं, म्हणून तो आला, आणि आल्यावर आपल्याला हौशी धरतात की नाही हेच त्याला कळेना. काही समूहांनी अशा यंत्रांसाठी वेगळी खोली काढून दिली. भांडण थांबलं, पण त्या खोलीत जुनं कोणी फिरकत नाही, त्यामुळे ध्रुव कुठे, ग्रहण कसं बघायचं, डोळे अंधाराला सरावायला साधारण अर्धा तास लागतो, हे तिथल्यांना सांगणारंही कोणी नाही.

गप्पांच्या ॲपवर, म्हणजे २०१५ मध्ये आलेल्या डिस्कॉर्डसारख्या ठिकाणी, जे समूह गेले तिथे जिव्हाळा वाढतो, नव्याला दोन मिनिटांत उत्तर मिळतं, पण तिथलं बोलणं सर्च इंजिनला सापडत नाही आणि वर वर सरकत नाहीसं होतं. साहजिकच तेच प्रश्न दिवसातून चारदा येतात, उत्तर देणारे लवकर थकतात आणि पिन करून ठेवलेले मेसेज कोणी उघडत नाही. त्यात जागेच्या किल्ल्या बहुतेक वेळा एक-दोन जुन्यांच्याच हाती असतात, त्यांचा संसार, नोकरी, तब्येत, काहीही आड येतं आणि ते गायब होतात. किल्ली वेळेत दुसऱ्याकडे दिलेली नसेल तर उरलेल्यांना नवी जागा उघडून शून्यातून मांडामांड करावी लागते, आणि त्या नव्या जागी सगळ्यात आधी पोचलेले तेच पुढे तिथले जुने ठरतात, मग छंदात ते कितीही कच्चे असोत.