सोलर कारंजं लावलं म्हणून डास थांबत नाहीत

पक्ष्यांच्या भांड्यात सोलर कारंजं सोडलं की पाणी हलतं राहतं, मग डास होत नाहीत आणि पाणी बदलायलाही नको, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं. बॅटरी नसलेलं तरंगतं कारंजं ढग आला की थांबतं, आणि संध्याकाळनंतर तर बंदच. क्युलेक्स डासाची मादी नेमकी रात्री, संथ पाण्यावर अंडी घालते. डेंग्यू पसरवणारी एडिस त्याहून बेरकी. ती पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी चिकटवते. काळ्या बारीक ठिपक्यांसारखी ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. आठवड्यातून एकदा तरी भांडं आतून काथ्याने खरवडून घासायचं. साबण नको.

घेताना बॅटरीचं किंवा पॅनल वायरने वेगळं असलेलं बघा, म्हणजे पॅनल उन्हात आणि भांडं सावलीत ठेवता येतं. उंच फवारा दिसतो झकास, पण वाऱ्याने पाणी बाहेर उडतं आणि कोरडा पडलेला पंप जळतो. चिमण्या-बुलबुलांना दोन इंचांहून खोल पाणी नको. पंपाला जास्त लागत असेल तर कडेला चपटा, खरबरीत दगड ठेवा.