दुखतं एका जागी, बिघाड दुसऱ्याच जागी

'पोटात नेमकं कुठे दुखतंय?' असं डॉक्टरांनी विचारलं की काही जण एका जागी बोट टेकवतात, तर काही जण सबंध तळवा पोटावरून गोल फिरवतात. अनुभवी डॉक्टर उत्तर ऐकण्याआधी तो हात पाहतात, कारण बोट आणि तळवा यांतून दोन वेगळ्या प्रकारच्या वेदना कळतात.

पहिली वेदना थेट अवयवांची. जठर, आतडी, पित्ताशय यांना कापल्याचं किंवा भाजल्याचं जवळपास कळतच नाही. दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावरची छोटी गाठ कापून काढली, तरी रुग्णाला त्या जागी काही जाणवत नाही. तेच आतडं हवेने फुगलं की मात्र माणूस कळवळतो. ताण, सूज, रक्तपुरवठा तुटणं, एवढंच या अवयवांना समजतं. त्यांच्याकडून निघणारे वेदनेचे मज्जातंतू मोजके असतात आणि मज्जारज्जूत ते बऱ्याच पातळ्यांवर विखरून शिरतात. त्यामुळे मेंदूला जागेचा नीट अंदाज येत नाही. दुखणं पोटाच्या मधोमध, मोघम जाणवतं आणि सोबत मळमळ नि घाम येतो. दुसरी वेदना पेरिटोनियमची, म्हणजे पोटाच्या भिंतीला आतून चिकटलेल्या पातळ पडद्याची. या पडद्याला कातडीसारखेच मज्जातंतू असतात, त्यामुळे त्याची जागा बोटाने दाखवता येते.

मधोमधच का दुखतं, याचं उत्तर गर्भावस्थेत आहे. सुरुवातीला पचनमार्ग ही शरीराच्या मध्यावरची एक सरळ नळी असते. तिच्या वरच्या भागातून जठर, यकृत, पित्ताशय तयार होतात. त्यांचं दुखणं बरगड्यांखाली मधोमध जाणवतं. मधल्या भागातून लहान आतड्याचा बराचसा भाग आणि अपेंडिक्स तयार होतं. त्याचं दुखणं बेंबीभोवती. शेवटच्या भागाचं ओटीपोटात. पुढे हे अवयव डावी-उजवीकडे सरकतात, वळतात, पण मज्जातंतूंची जोडणी जुनीच राहते.

अपेंडिक्सच्या दुखण्यात हे सगळं क्रमाने दिसतं. आधी बेंबीभोवती मोघम दुखतं, भूक मरते, एखादी उलटी होते. काही तासांनी सूज अपेंडिक्सच्या बाहेर पसरून शेजारच्या पेरिटोनियमला भिडते आणि दुखणं उजव्या बाजूला खाली सरकून तिथे ठाण मांडतं. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 मध्ये ही जागा नोंदवली. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि बेंबी यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर ती येते. आता खोकलं तरी कळ येते. 2012 च्या एका ब्रिटिश अभ्यासात, अपेंडिक्सचं निदान पक्कं झालेल्या 34 पैकी 33 रुग्णांनी गाडी गतिरोधकावरून जाताना दुखणं वाढल्याचं सांगितलं होतं. गंमत अशी, की अपेंडिक्सला सूज नसलेल्याही बऱ्याच जणांना तसंच दुखलं होतं. म्हणजे गतिरोधकावर दुखलं नाही तर अपेंडिक्सची शक्यता कमी, एवढाच निष्कर्ष. शिवाय लहान मुलं, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांच्यात हा क्रम बऱ्याचदा पाळला जात नाही.

काही दुखणी तर पोटाची हद्दही ओलांडतात. श्वासपटलाची, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याची, मुख्य नस मानेतून निघते, म्हणून पोटात रक्तस्राव होऊन ते रक्त श्वासपटलाला लागलं की खांदा दुखतो. पाळी चुकलेल्या स्त्रीला ओटीपोटात कळ येऊन खांदाही दुखू लागला, तर गर्भ गर्भनलिकेत रुजून ती फुटली असण्याची शंका घ्यायलाच हवी. मूतखड्याची कळ पाठीकडून जांघेत उतरते. उलटही घडतं: हृदयविकाराचा झटका कधीकधी छातीऐवजी पोटाच्या वरच्या भागात जाणवतो आणि 'गॅस झालाय' म्हणत मोलाचे तास वाया जातात.

रुग्ण पलंगावर कसा आहे, यावरूनही खूप कळतं. मूतखड्याचा रुग्ण तळमळतो, उठतो, येरझाऱ्या घालतो. कुठल्याच स्थितीत त्याला चैन पडत नाही. जठर किंवा आतडं फुटून पेरिटोनियमला सूज आलेला रुग्ण मात्र गुडघे जवळ घेऊन निपचित पडून राहतो, कारण हललं की दुखतं. माझ्या मते या शांत रुग्णाची काळजी जास्त करावी. पोट लाकडासारखं कडक होणं, अचानक आलेली असह्य कळ, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोट फुगून शौच आणि वायू दोन्ही बंद होणं, यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये. मुलग्याच्या ओटीपोटात अचानक दुखू लागलं तर वृषणंही तपासून घ्यावीत. वृषणाला पीळ पडला असेल तर ते वाचवायला जेमतेम सहा तास मिळतात, आणि मुलं लाजेने ती जागा सांगत नाहीत.

निदान होईपर्यंत वेदनाशामक द्यायचं नाही, हा नियम रुग्णालयांत कित्येक दशकं चालला. पुढच्या चाचण्यांत दिसलं की मॉर्फिन दिल्याने निदान चुकण्याचं प्रमाण वाढत नाही. तरीही रुग्णाला विव्हळत ठेवणं, हा मला निव्वळ सवयीचा भाग वाटतो. घरच्या घरी घेतलेल्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या गोळ्या जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं कमी करतात. अल्सरने दुखणाऱ्या पोटावर त्याच घेतल्या तर अल्सर आणखी चिघळतो.

अल्सरचं मूळ काळजी आणि तिखट खाणं, असं डॉक्टरही मानत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' या जिवाणूकडे बोट दाखवलं, पण लोकांना पटेना. 1984 मध्ये मार्शल यांनी जिवाणूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि जठराला सूज आल्याचं तपासणीत दिसलं. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज या जिवाणूमुळे झालेला अल्सर प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारं औषध साधारण दोन आठवडे दिल्यावर बहुधा कायमचा बरा होतो.

सगळे रिपोर्ट चांगले येऊनही वर्षानुवर्षं पोट दुखणाऱ्यांना मात्र 'मनाचे खेळ' म्हणून घरी पाठवलं जातं, आणि ते अन्यायाचं आहे. अशांपैकी अनेकांना इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्यात दिसण्याजोगा बिघाड नसतानाही पोट दुखण्याचा आणि शौचाच्या तक्रारींचा आजार असतो. या रुग्णांच्या आतड्यात छोटा फुगा फुगवून पाहिला, तेव्हा त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना इतरांपेक्षा कमी ताणालाच वेदना झाल्या. आतड्याची संवेदनशीलताच वाढलेली असते. म्हणूनच आहारातल्या बदलांबरोबर मज्जासंस्थेवर काम करणारी औषधं कमी मात्रेत दिली, तर अनेकांना आराम पडतो.

आणखी एक कारण हमखास निसटतं: पोटाची भिंत. उताणं झोपून दुखरी जागा दाबून धरायची आणि डोकं-खांदे उचलायचे. दुखणं आतल्या अवयवाचं असेल तर ताठ झालेले स्नायू त्याच्या आड येतात आणि ते कमी होतं. वाढलं, तर ते बहुधा भिंतीचंच. अमेरिकी शल्यचिकित्सक जॉन कार्नेट यांनी 1926 मध्ये वर्णन केलेल्या या युक्तीला यंत्र लागत नाही, खर्चही नाही. बऱ्याचदा तिथे एखादी बारीक नस स्नायूत दाबली गेलेली असते आणि बधिर करणारं इंजेक्शन त्याच जागी दिलं की महिनोन्महिने छळणारं दुखणं काही मिनिटांत ओसरतं.