परसातील रताळे: वेल जगवावा की कंद रुजवावा?

रताळ्याची लागवड वेलाच्या फाट्यांपासून (कापलेल्या तुकड्यांपासून) करावी की बाजारातील कंद रुजवून, हा प्रश्न कोकणातील परसबागांत अलीकडेच उभा राहिला आहे. त्याआधीचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. हे पीक मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले. पोर्तुगिजांच्या सागरी व्यापाराबरोबर ते पश्चिम किनाऱ्यावर आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १५१० मध्ये गोवा आणि १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेल्यानंतर किनाऱ्यावरील आगरांत जी अमेरिकन पिके रुळली, त्यांतच रताळे येते. पुढे ते उपवासाच्या ताटात कसे बसले, हे वाचकांना नव्याने सांगायला नको.

जांभ्याची निचऱ्याची, किंचित आम्ल जमीन आणि धुके-दंव असले तरी कधीही न गोठणारी हवा या पिकाला मानवली. पावसाळ्यात परड्यातील उंचवट्यावर किंवा वरकस (उताराच्या हलक्या) जमिनीत, आणि भातकापणीनंतर ओल टिकून असलेल्या खाचरात वरंबे ओढून, असे दोन हंगाम घेतले जात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेले रताळे साडेतीन-चार महिन्यांत, म्हणजे महाशिवरात्रीच्या सुमारास काढणीला येते. काढणीनंतर वेलाचा एखादा तुकडा न्हाणीच्या सांडपाण्यावर किंवा विहिरीजवळ उन्हाळाभर हिरवा ठेवायचा आणि जूनमध्ये त्याचेच शेंडे कापून लावायचे, अशी ही साधी रीत होती. एका घरचा वेल वाळला, तर शेजाऱ्याकडून चार फाटे येत. कंद रुजवण्याची वेळ क्वचितच येई.

ही साखळी तुटली ती घरे बंद राहू लागल्यामुळे. गणपतीला आणि मे महिन्यात उघडणाऱ्या घरात उन्हाळ्यात वेलाला पाणी घालणारे कोणी उरले नाही. त्यातच माकडे आणि रानडुकरे यांचा उपद्रव वाढल्याने अनेकांनी कंदपिकेच सोडून दिली. पुढे हौशी परसबागा आणि गच्चीवरील पिशव्या आल्या, तेव्हा लावायला वेल नव्हता, म्हणून उपवासासाठी आणलेल्यांपैकी एक रताळे काड्या टोचून पाण्याच्या ग्लासात अर्धे बुडवण्याची पद्धत चित्रफितींतून घरोघरी पोहोचली.

वादाचे मूळ इथेच आहे. ग्लासाची पद्धत अशा थंड मुलखात उपयोगी पडते, जिथे हिवाळ्यात वेल गोठून मरतो आणि दर वसंतात कंदापासूनच आरंभ करावा लागतो. तिथे कंदाला कृत्रिम ऊबही द्यावी लागते. कोकणात ही अडचण नाही. तरीही कंद रुजवणे निरर्थक आहे, असे म्हणता येत नाही. शेतीच्या शिफारशींतच कंदापासून रोपवाटिका करण्याचा मार्ग दिला आहे: कीडमुक्त, १२५ ते १५० ग्रॅमचे कंद वरंब्यावर लावावेत, ४०-४५ दिवसांनी वेल कापून दुसऱ्या वाफ्यात वाढवावेत आणि तिथून मिळालेले २०-३० सेंटीमीटरचे शेंडे शेतात न्यावेत. घरच्या गरजेला दुसरा वाफा लागत नाही. शिवरात्रीनंतर ओलसर मातीत आडवी पुरलेली दोन रताळी जूनपर्यंत पुरेसे फाटे देतात. रताळे हे फुगलेले मूळ असल्याने त्याला बटाट्यासारखे डोळे नसतात. कोंब बहुतेक वेलाकडच्या टोकाला येतात. म्हणून ग्लासात ते टोक पाण्याखाली गेले, तर आठवडे वाया जातात. मातीत ही चिंताच नाही, आणि म्हणूनच ग्लासाचा खटाटोप या हवेत अनावश्यक वाटतो.

वेलाच्या बाजूनेही एक दोष मान्य करावा लागतो. सोंड्या भुंगा वेलाच्या बुडाशी आणि कंदात अंडी घालतो, आणि विषाणूही वेलाबरोबरच पुढच्या हंगामात जातात. वर्षानुवर्षे तोच जुना वेल फिरत राहिला, तर उत्पादन घसरते. यावरचा जुना उपाय आजही लागू पडतो: बुडखा टाकून द्यावा आणि फक्त शेंडे घ्यावेत. हे शेंडे पानांसह दोन दिवस सावलीत ठेवून लावल्यास मुळे लवकर धरतात. परसात शेणखताचा सढळ वापर होतो, त्यात नत्र जास्त झाले की वेल माजतो आणि खाली रताळी बोटाएवढीच राहतात. हा दोष अनेकदा लागवडीच्या पद्धतीच्या माथी मारला जातो.

वाणांचा मुद्दा नंतर आला. ‘कोकण अश्विनी’ हे कमी मुदतीचे वाण याच प्रदेशासाठी आले, आणि नारिंगी गराच्या वाणांकडे त्यांतील बीटा-कॅरोटीनमुळे लक्ष गेले. मात्र बाजारातल्या ढिगात वाणाचे नाव लिहिलेले नसते, आणि ती रताळी बहुधा घाटावरच्या शेतातली असतात. ठरावीक वाण हवे असलेल्या माणसाला रोपवाटिकेतून वेलाचे फाटेच आणावे लागतात.