स्कॅन नॉर्मल आला, तरी गोविंदाला थरावर चढवू नका

ठाण्यात दहीहंडीचा सराव सुरू झाला की थरावरून पोरं पडतातच. एखाद्याच्या डोक्याला मार लागतो, भोवळ येते, एक-दोन उलट्या होतात. मग सीटी स्कॅन नॉर्मल येतो, ‘मुका मार आहे’ म्हणतात आणि पोरगा पुन्हा सरावाला हजर! मला याचीच भीती वाटते. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कवटीची चीर दिसते. कन्कशन, म्हणजे डोक्याला हिसका बसून मेंदूचं काम बिघडणं, ते दिसत नाही. तिथे बिघडलेलं असतं पेशींचं रसायन.

डोकं जोरात हिसकलं की मेंदूतले चेतातंतू ताणले जातात आणि पेशींच्या पटलातून आयन (विद्युतभारित कण) वाट्टेल तसे ये-जा करू लागतात. पोटॅशियम बाहेर पडतं, सोडियम आणि कॅल्शियम आत घुसतात. ग्लुटामेट हे पेशींना चेतवणारं रसायन भसकन सुटतं, त्यानं शेजारच्या पेशी चेततात आणि आणखी पोटॅशियम बाहेर येतं. ही घडी पुन्हा बसवायची म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंपाला जुंपणं आलं: 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत, आणि दर फेरीला एक एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्च. शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू एरवीच 20 टक्के ऊर्जा खातो. त्यात नेमका याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा घटतो, आणि कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, साचून एटीपी बनणंही मंदावतं. गिझा आणि होव्डा या संशोधकांनी 2001 मध्ये ही सगळी साखळी मांडली. अशा ऊर्जेच्या दुष्काळात दुसरा फटका बसला, तर तो हलका असला तरी महागात पडतो.

यावर उतारा टाकून किंवा ‘ब्रेन टॉनिक’ पाजून काहीही होत नाही. पोराला अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पाडून ठेवणंही आता मागे पडलंय. पहिले 24 ते 48 तास बेताची विश्रांती, मोबाइल कमी, मग हलकं चालणं. संशोधक जॉन लेडी आणि सहकाऱ्यांच्या 2019 च्या चाचणीत हलका एरोबिक (श्वास आणि नाडी वाढवणारा) व्यायाम करणारी किशोरवयीन मुलं साधारण 13 दिवसांत बरी झाली, नुसतं स्ट्रेचिंग करणारी 17 दिवसांत. मात्र उलट्या थांबत नसतील, गुंगी वाढत असेल, डोकेदुखी चढत असेल किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसत असेल, तर तडक हॉस्पिटल गाठा.

क्रिकेटमध्ये 2019 पासून कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. गोविंदा पथकांनीही तसा राखीव गडी ठेवावा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पडलेल्या पोराला खालच्या थरातसुद्धा उभं करू नये. थर कोसळला की वरच्यांचे गुडघे आणि टाचा तिथल्यांच्याच डोक्यावर येतात.