पार्श्वभूमी: कराटे, तायक्वांदो आणि मधली नावं

कराटे हातांचं आणि तायक्वांदो पायांचं, हे वर्णन आजच्या स्पर्धांपुरतं खरं आहे. १९५० च्या दशकात ते खरं नव्हतं. तेव्हाच्या सोलमधल्या बहुतेक क्वानमध्ये, म्हणजे युद्धकलेच्या शाळांमध्ये, तोच पांढरा पोशाख, तेच पट्टे, कमरेशी ओढलेली तीच मूठ आणि बऱ्याच अंशी त्याच काता, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, दिसत. वेगळेपण नंतर आलं. ते परंपरेपेक्षा स्पर्धेच्या नियमांनी जास्त घडवलं, पण आधी नावांचा गुंता सोडवायला हवा. निम्मे वाद तिथूनच उगवतात.

कराटे ही मूळची ओकिनावा बेटावरची विद्या. तिचं नाव लिहिताना पहिलं चिन्ह चीनच्या तांग राजवटीचं असे, म्हणजे 'चिनी हात'. १९२२ मध्ये टोकियोत प्रात्यक्षिक झालं, पाठोपाठ विद्यापीठांमध्ये वर्ग निघाले आणि हे चिन्ह खुपू लागलं. चीनशी संबंध बिघडत होते. शिवाय बुडोच्या, म्हणजे जपानी युद्धकलांच्या, पंक्तीत बसायचं तर चिनी शिक्का नको होता. १९३६ मध्ये ओकिनावातल्या नाहा इथे जाणत्या शिक्षकांच्या बैठकीत त्याजागी 'रिकामा' या अर्थाचं चिन्ह पक्कं झालं. दोन्ही चिन्हांचा जपानी उच्चार 'कारा'च होतो. त्यामुळे बदल फक्त कागदावर दिसला, कानाला काहीच कळलं नाही.

कोरियात मात्र तो ऐकू आला. १९१० ते १९४५ तिथे जपानी अंमल होता आणि शिक्षणासाठी जपानला गेलेले काही तरुण कराटे शिकून परतले. १९४० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी क्वान काढले. कोरियनमध्ये पहिलं चिन्ह 'तांग' असं वाचतात आणि दुसरं 'कोंग'. जुनं लेखन धरलेल्यांचं झालं तांगसुडो, नवं धरलेल्यांचं कोंगसुडो. आज बऱ्याच जणांना या दोन निराळ्या कला वाटतात. प्रत्यक्षात 'कराटे-डो' याच नावाची ही दोन लेखनं आहेत, कोरियन उच्चारात वाचलेली.

'तायक्वांदो' हे नाव १९५५ मध्ये सुचवलं गेलं. 'ताय' म्हणजे पायाने तुडवणं किंवा मारणं, 'क्वॉन' म्हणजे मूठ. शब्द निवडताना 'तेक्क्योन' या जुन्या कोरियन खेळाशी उच्चार जुळेल हे पाहिलं होतं. पुढे या जुळणीवरच दोन हजार वर्षांच्या परंपरेची कहाणी उभी राहिली. तेक्क्योन पाहिलं की ती टिकत नाही. त्यात पावलं सतत त्रिकोणात डोलत पडतात, पायात पाय घालून पाडण्याला महत्त्व आहे आणि कमरेशी ओढलेली मूठ कुठेच नाही. तायक्वांदोच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमात यातलं जवळपास काही नव्हतं. १९८३ मध्ये कोरियाने तेक्क्योनला स्वतंत्र सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तीही या वेगळेपणाला धरूनच आहे.

नव्या नावावर एकमत मात्र झालं नाही. १९६१ च्या लष्करी उठावानंतर सरकारने सगळ्या क्वानना एका छत्राखाली यायला लावलं तेव्हा तडजोड निघाली, 'तायसुडो'. अर्धं नाव तायक्वांदोचं, अर्धं तांगसुडोचं. ते चार वर्षं चाललं. १९६५ मध्ये राष्ट्रीय संघटना पुन्हा तायक्वांदोवर आली, आणि ज्यांना हे पटलं नाही त्यांच्या शाखा आजही तांगसुडो म्हणूनच शिकवतात. ही माघार चुकीची होती असं अजून मानणारे आहेत. पण तायसुडो टिकलं असतं तर कराटेचं मूळ नावातच उघड राहिलं असतं, आणि त्या वेळच्या कोरियाला नेमकं तेच नको होतं.

नावापेक्षा काता जास्त बोलक्या आहेत. ओकिनावातल्या शाळकरी मुलांसाठी बसवलेल्या पाच पिनान टोकियोत हेइआन झाल्या आणि सोलमध्ये प्योंगआन. तिन्हींची लिखित चिन्हं एकच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तायक्वांदोच्या स्वतःच्या काता, आठ तेगुक पूमसे, आल्या तेव्हा पवित्रेही बदलले. हेइआनमध्ये पुढचा गुडघा वाकवून लांब, खाली बसलेलं पाऊल असतं. पहिल्या तेगुकमध्ये बहुतेक वेळ सहज चालताना पडतं तेवढंच पाऊल टाकतात. कारण व्यवहारी आहे. लांब पवित्र्यात वजन पुढच्या पायावर अडकतं आणि तो पाय झटकन उचलता येत नाही.

आणि तायक्वांदोत पाय उचलणं हेच सर्वस्व होत गेलं. १९६० च्या दशकात छातीवर चिलखत, पूर्ण जोराचा आघात आणि चेहऱ्यावर पंचला बंदी हे सूत्र बसलं. धडावरचा पंच चालत असे, पण प्रतिस्पर्धी हलल्याचं दिसल्याशिवाय परीक्षक गुण देत नसत, म्हणून तो कोणी फारसा मारत नसे. चेहऱ्याला हाताचा धोका नसल्यामुळे खेळाडूंचे हात खाली आले आणि अंतर वाढलं. कराटेच्या कुमितेत, म्हणजे लढतीत, उलट झालं. चेहऱ्याकडे पंच चालतो, पण आवरून. म्हणून पाठचा हात सरळ सोडणारा ग्याकु-झुकी हे तिथलं मुख्य हत्यार राहिलं. तायक्वांदोतून कराटेत आलेला खेळाडू पहिले काही महिने किक सोडून परत येताना हाच पंच खातो, कारण त्याचे हात मांडीपाशी लोंबत असतात.

गोल किकमध्येही हे दिसतं. कराटेच्या जुन्या मावाशीत गुडघा बाजूला उचलून चवड्याने मारतात. तायक्वांदोच्या तोल्यो-चागीत गुडघा सरळ पुढे वर येतो, शेवटी कंबर उलटते आणि आघात पावलाच्या वरच्या भागाने होतो. उभ्या पायाची टाच जवळजवळ लक्ष्याकडे वळली पाहिजे. ती अर्धवट राहिली तर पीळ त्या गुडघ्यात उतरतो. शैली बदलणाऱ्यांचे गुडघे दुखतात ते बहुधा यामुळे.

तायक्वांदो १९८८ आणि १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून होतं, २००० मध्ये सिडनीत तो पदकांचा खेळ झाला. बीजिंगमधल्या निकालांच्या वादांनंतर व्हिडिओ फेरतपासणी आली आणि २०१२ मध्ये लंडनला इलेक्ट्रॉनिक चिलखत. यंत्राला कोन किंवा सफाई कळत नाही, स्पर्श आणि दाब कळतो. त्यामुळे पुढचा पाय हवेत धरून टोचत राहण्याची चाल बोकाळली. उतारा म्हणून फिरून मारलेल्या किकला धडावर ४ आणि डोक्यावर ५ गुण ठेवले, साध्या किकला अनुक्रमे २ आणि ३.

कराटे ऑलिंपिकमध्ये एकदाच आलं, २०२१ मध्ये टोकियोत. पुरुषांच्या सर्वांत जड गटाच्या अंतिम लढतीत ४-१ ने पुढे असलेल्या खेळाडूची किक डोक्यावर जोरात बसली आणि समोरचा बेशुद्ध झाला. कराटेच्या नियमात हा अतिसंपर्काचा दोष ठरला आणि सुवर्णपदक पडलेल्याला मिळालं. तायक्वांदोत त्याच किकवर लढत तिथेच जिंकली असती.