एका दाण्यापायी नापास झालेलं पोतं

बुरशीचं विष मोजायचं म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ती महागडी यंत्रं. खरी मेख मात्र यंत्राच्या कितीतरी आधी, पोत्यापाशीच असते.

हिशोब करून बघा. ५० किलो शेंगदाणे, एक दाणा अर्ध्या ग्रॅमचा धरला तर पोत्यात एक लाख दाणे. त्यातल्या एकाच दाण्यात बुरशी माजली. अशा एकेकट्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष किलोला १० लाख मायक्रोग्रॅम या प्रमाणातही सापडलेलं आहे; म्हणजे त्या दाण्यात ५०० मायक्रोग्रॅम विष. सगळं पोतं दळून एकजीव केलं तर किलोमागे १० मायक्रोग्रॅम. थेट खायच्या शेंगदाण्यांना युरोपीय संघात मर्यादा आहे ४ ची. गेलं पोतं! आणि तपासायला नेलेल्या मूठभर दाण्यांत नेमका तोच नसला, तर अहवाल अगदी लख्ख.

म्हणून पोत्यात वर, खाली, मध्ये पोकळ सळई खुपसून थोडे थोडे दाणे काढतात. माल मोठा असेल तर शंभर ठिकाणचे मिळून २० किलो. ते सगळं बारीक दळून, नीट मिसळून, मग त्यातले काही ग्रॅम पुढे जातात.

पेयांचं त्या मानानं सोपं. ढवळलं की विष सगळीकडे सारखं. दुधात अफ्लाटॉक्सिन एम१ (त्याच विषाचं बदललेलं रूप) बघतात, कारण गाईनं दूषित पेंड खाल्ली की तिच्या यकृतात ते तयार होऊन दुधात उतरतं. सफरचंदाच्या रसात पॅट्युलिन, वाइन आणि कॉफीत ऑक्राटॉक्सिन; हीही बुरशीचीच विषं. ‘उकळलं की झालं’ हा भरवसा इथे कामाचा नाही. उकळून बुरशी मरते, अफ्लाटॉक्सिन बहुतांशी तसंच राहतं.

प्रयोगशाळेत दळलेला नमुना मिथेनॉल-पाण्यात घुसळून गाळतात आणि एका छोट्या नळीतून थेंब थेंब सोडतात. नळीतली प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक पदार्थालाच पकडणारी प्रथिनं, तेवढं विष धरून ठेवतात, बाकीचं वाहून जातं. मग शुद्ध मिथेनॉल ओतलं की पकड सुटते. हा अर्क क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात गेला की घटक वेगळे होतात आणि अतिनील प्रकाशात चमकतात. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी दगावले, तेव्हा त्यांच्या शेंगदाणा पेंडीतलं विष याच चमकेवरून ओळखू आलं. निळं चमकणारं अफ्लाटॉक्सिन ‘बी’, हिरवं चमकणारं ‘जी’. ब्लू आणि ग्रीनची आद्याक्षरं, इतकं साधं बारसं.

काम संपल्यावर काचेची भांडी नुसती विसळून भागत नाही. ती आधी ब्लीचच्या द्रावणात बुडवून ठेवतात. नाहीतर आदल्या नमुन्याचं विष दुसऱ्या दिवशीच्या निर्दोष नमुन्याच्या नावावर चढायचं.